चॅनल सातवरची लाल रेघ

नेलपेंटची बाटली. लाल. झाकण इतकं चिकटलेलं की उघडायला दात लावावे लागतात.

बांबूचा भारा एकदाच आवळून भागत नाही. आज आवळायचा, पडू द्यायचा, दुसऱ्या दिवशी बांबू सैलावले की पुन्हा आवळायचा.

‘पुलावर पाणी असल्याने पुढील वाहतूक बंद.’ आलापल्लीच्या पुढे, ऑगस्टात, गंजलेल्या पत्र्यावर खडूनं.

तिसऱ्या मजल्यावर नासक्या अंड्यांचा वास. अंडी कुणीच आणलेली नाहीत.

रजिस्टरचा शेवटचा रकाना: मृत्यूचं कारण.

वांगी उभी चिरायची की आडवी, यावर भद्रावतीतल्या एका स्वयंपाकघरात दोन बायकांचं एकमत झालेलं. तिसरी दारात उभी.

चार आटे. चार आटे. तीन आटे.

फेरी ९४

पुनम पिदुरकरचा सेल चौऱ्याण्णवाव्या फेरीला मेला. एप्रिलचा मधला आठवडा होता आणि चंद्रपूर असं तापलं होतं की जिन्याच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती.

एक फेरी म्हणजे सेल एकदा पुरता चार्ज करायचा आणि एकदा पुरता उतरवायचा. दिवसाला अडीच फेऱ्या होतात. तपासणी यंत्राच्या चॅनल आठवर तो पाच आठवडे शहाण्यासारखा जगला, आणि एका सकाळी पडद्यावरची त्याची निळी रेघ उभीच्या उभी खाली आली. शेजारच्या चॅनल सातवर सोमारी नरोटीचा सेल होता. दोन्ही सेल एकाच दिवशी लावलेले. सातची रेघ मेली तर नाहीच, थरथरलीसुद्धा नाही.

पुनम एकतीस वर्षांची, पीएचडीचं पाचवं वर्ष. सोमारी चोवीसची, दुसरं वर्ष. आलापल्लीच्या पुढं जंगलातल्या माडिया गावातून ती आली तेव्हा तिला काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोज्यांतून काम कसं करायचं ते पुनमनंच शिकवलं होतं. मोज्यांत हात घातले की सोमारी हसायची. “ताई, दुसऱ्याच्याच हातानं जेवल्यासारखं वाटते.”

या लॅबमध्ये द्रव नसलेली बॅटरी बनवतात. आपल्या फोनच्या बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये एक द्रव असतो आणि तो कधीमधी पेट घेतो. इथं त्या द्रवाऐवजी पिवळसर भुकटी दाबून केलेली चकती असते, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. चकतीच्या एका बाजूला लिथियमचा मऊ पत्रा. ऐकायला सोपं आहे. पण द्रव खाचाखोचांत शिरतो. घन वस्तू जिथं टेकली तिथंच टेकते. दर फेरीत लिथियम फुगतो, आकसतो आणि चकतीपासून इथंतिथं सुटतो. बारीक पोकळ्या पडतात. मग सगळा प्रवाह ज्या चार जागा अजून टेकलेल्या आहेत त्यांतूनच रेटा लावतो. तिथं लिथियमचा केसासारखा काटा फुटतो, भुकटीच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून वाट काढत पुढं सरकतो आणि एक दिवस पलीकडं पोचतो. खेळ खलास.

तर सेल का मरतो, हे पुनमला पाठ होतं. सोमारीचा का मरत नाही, हे कळत नव्हतं. आणि ते ती सोमारीला विचारणार नव्हती. जीव गेला तरी.

कारण जागा एकच होती. कोरियातल्या मोठ्या लॅबमध्ये एक वर्ष. लॅबप्रमुख चिताडे सरांनी सांगून टाकलं होतं, जुलैअखेर समिती येईल, त्या दिवशी जिचा सेल चालू असेल ती जाईल. पुनमचं वय पुढच्या वर्षी अटीत बसत नव्हतं. सोमारीला अजून सात वर्षं होती.

सात वर्षं, आणि वर चॅनल सात.

फेरी १६०

दोष द्यायचा तर पुनमनं स्वतःलाच द्यायला हवा होता. सोमारीला घरी तिनंच नेलं होतं.

मागच्या ऑगस्टात पूर आला, आलापल्लीच्या पुढचा रस्ता तुटला आणि हॉस्टेल सुट्टीसाठी बंद झालं. सोमारी बस स्टँडवर पिशवी घेऊन बसलेली पुनमला दिसली. “चल आमच्या घरी, चार दिवस,” पुनम म्हणाली. बस भद्रावतीला पोचायच्या आत तिला हा आपला मोठेपणा आवडलाही होता.

चार दिवसांचे पुढं सगळे रविवार झाले.

मे महिन्यातल्या असल्याच एका रविवारी रुखमाबाई, पुनमची आई, विळीवर बसलेल्या सोमारीकडं कौतुकानं बघत होत्या. “पाह्य पुनम, कशी सारकी चिरते पोट्टी. तू चिरते त वाटते वांग्यावर सूड उगवून राह्यली.”

“मंग ठेवून घे तिले घरीच.”

“ठेवली असती. चैतूभाऊ देते का आपली पोरगी?” चैतू म्हणजे सोमारीचा बाप. आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला. रुखमाबाई त्याला एकदाच भेटल्या होत्या. त्यानं येताना मोहाची फुलं आणली होती आणि ती त्यांनी अजून डब्यात जपून ठेवली होती.

“काकी, मी आली असती,” सोमारी म्हणाली, “पण तुमच्या इथले मच्छर लय मोठे आहेत.”

दोघी हसल्या. पुनम दारात उभी होती. तिलाही हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण ते आलं नाही.

अंगणातून हाक आली. “सोमारी! झालं का बेटा? इकडं ये जरा.”

दादाजी पिदुरकर ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं तपासणीत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचं जग म्हणजे अंगणातला लाकडी ठोकळा, त्यावरचा शिकंजा आणि पाने-पकडींचा पत्र्याचा डबा. पुनमला ते दहावीपर्यंत बेटा म्हणायचे. नंतर कधी थांबले ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आज आलं.

तिनं खिडकीतून पाहिलं. दोन डोकी एका पान्यावर वाकलेली. बापाचं बोट नटावर. सोमारी म्हणत होती, “भाऱ्यासारखंच आहे की काका. आमच्याकडं बांबू असेच आवळते.” आणि दादाजींना इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली.

सायकल दुरुस्ती शिकवत असतील, पुनम धरून चालली. पूर्वी तेच तिला विचारायचे, “काय करते तू त्या लॅबमध्ये? मले सांग ना.” ती म्हणायची, “तुम्हाले नाई समजाचं बाबा.” तीनचार वर्षं त्यांनी विचारलं. मग सोडून दिलं.

जेवताना त्यांनी सोमारीच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. पुनमनं ती मोजली. एक. तिच्या ताटात दोन वाढल्या होत्या, आईनं. तरी तिनं ती एकच मोजली.

फेरी २१२

जून. चॅनल सात चालूच.

एव्हाना पुनमनं ठरवून टाकलं होतं की गोम भुकटीत आहे. सोमारीनं भुकटीत काहीतरी मिसळलं असणार. जंगलातली मुलगी, काय सांगावं. हा विचार आपल्याला शोभत नाही हे तिला कळत होतं, आणि तो तिनं दोन दिवस मनात घोळवला.

काचेच्या पेटीत सोमारीच्या कप्प्यात एक छोटी बाटली होती. वर सोमारीच्या गोल अक्षरात एवढंच: ‘घाणा २’. आतली भुकटी संपत आलेली. भजी तळताना म्हणतात तसं लॅबमध्येही भुकटीच्या एका खेपेला घाणा म्हणायचे. ही पद्धत सोमारीनंच पाडली होती आणि सरांसकट सगळ्यांनी उचलली होती. पुनम मुद्दाम ‘बॅच’ म्हणायची.

तिनं चिमूटभर भुकटी एका नळीत घेतली, बूच लावलं आणि नळी पेटीबाहेर काढून क्ष-किरणांच्या यंत्राकडं निघाली. बूच नीट बसलं नव्हतं. ही भुकटी म्हणजे गंधकाचा नखरा. हवेतला ओलावा लागला की नासते, आणि नासली की सांगते. जिन्यापर्यंत जाईतो वास सुटला.

लच्छूभाऊ, लॅबचे शिपाई, झाडू टेकवून उभे राहिले. “पुनम मॅडम, अंडे उकडून राह्यले का?”

“नाई भाऊ.”

“मंग कोनाचं पोट बिघडलं? मी त सकाळी पोहे खाल्ले.”

तिनं नळी मागं लपवली, लहान मुलीसारखी. नासलेल्या भुकटीतून काही कळणं शक्य नव्हतं. यंत्रानं काढलेली रेघ कचऱ्याची होती. तिनं नळी आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत पुरली, तीन वेळा हात धुतले आणि तरी संध्याकाळच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला.

फेरी २८२

एक जुलै. दुपारचा सव्वा वाजलेला. सगळे जेवायला खाली गेलेले.

सेल एका उबदार कपाटात ठेवतात. प्रत्येक सेल दोन जाड पोलादी चकत्यांच्या मध्ये, आणि चकत्या तीन बोल्टांनी आवळलेल्या, नटाखाली स्प्रिंगा. दाब राहिला पाहिजे. दाब गेला की लिथियम सुटतो, पोकळ्या पडतात. पुनम शोधनिबंधात लिहिलेल्या आकड्यापर्यंत नट आवळायची, मापकाचा काटा पाहायची आणि कपाट बंद करायची. बरोबर पद्धत हीच. छापून आलेली.

त्या दुपारी तिनं कपाट उघडलं ते चॅनल आठवरचा आपला आणखी एक मेलेला सेल काढायला. हात सातकडं गेला. मोबाइलचा उजेड टाकला, आणि सातच्या तिन्ही नटांवर तिला लाल रेघ दिसली. बारीक रेघ, नटावरून सरळ खालच्या चकतीवर उतरलेली. नेलपेंटची.

पुनमच्या घरातल्या कुकरच्या दांड्याला ही रेघ आहे. छताच्या पंख्याला आहे. तिच्या पहिल्या सायकलच्या दोन्ही चाकांना होती. फॅक्टरीत नट आवळून तपासला की त्यावर अशी रेघ ओढायचे. नट जरासा हलला तरी रेघ तुटते आणि बघणाऱ्याला कळतं. सातव्या वर्षी तिला बापानं सांगितलं होतं, “ही रेघ मंजे माही सही. ही जुळत असन त समज, सब ठीक.”

आणि नटाशेजारी, चकतीवर, आणखी दोन फिकट रेघा होत्या, पुसलेल्या. म्हणजे नट एकदा आवळला, रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळला, नवी रेघ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मऊ लिथियम दाबाखाली पसरतो, दाब उतरतो. तो पुन्हा चढवायचा, बेतानं, जास्त नाही. अंगणात पान्यावर वाकलेली दोन डोकी तिला आता पुरती दिसली.

एवढंच होतं. भुकटी नाही, जंगल नाही. तिच्या स्वतःच्या अंगणातली गोष्ट. तिनं विचारली असती तर तिला सगळ्यांत आधी मिळाली असती.

सेलचा तिला राग आलाच नाही. राग आला तो त्या सहीचा. बापानं आपली सही दुसऱ्या पोरीच्या हातात दिली होती.

पाना तिच्या खणात होता. पाव चक्कर सोडला असता तर रेघ तुटली असती. सोमारी दिवसातून दोनदा कपाटात डोकावायची ती या रेघांसाठीच. पुनमनं मधला नट सोडला, बरोब्बर एक पूर्ण चक्कर. रेघेला रेघ येऊन मिळाली. असं करता येतं हे फक्त ज्याला ती रेघ माहीत आहे त्यालाच सुचतं, हे तिला त्या क्षणी सुचलं नाही.

मग ती खाली गेली आणि डबा सगळा खाल्ला. लोणचंसुद्धा.

फेरी २८३ ते २८९

२८३: काही नाही.

२८४: चार्जच्या आणि उतरत्या रेघांमधलं अंतर वाढलं. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं. पुनमला दिसलं.

२८५: आणखी. जिथं चकती अजून टेकलेली होती तिथून सगळा प्रवाह जातो आहे.

२८६: सोमारी म्हणाली, “ताई, सात थकल्यासारखा करून राह्यला.”

“गरमीनं होत असन,” पुनम म्हणाली. अजून नट आवळता आला असता.

२८७: अजूनही, कदाचित.

२८८: आता नाही. काटा एकदा सांध्यांत शिरला की बाहेरून कितीही दाबा, तो मागं फिरत नाही.

२८९: रेघ खाली.

सोमारी कपाटासमोर फरशीवर बसली, पाय पसरून, गावात ओट्यावर बसतात तशी. रेघा तपासल्या. तिन्ही जुळत होत्या. “मायंच काई चुकलं असन,” ती म्हणाली. “चकती दाबतानी तडा राह्यला असन.”

“होते असं. घनच तो. एखादा तडा आतल्या आत वाढला असन.”

पुनमनं सांगितलेलं शास्त्राला धरून होतं. ऐकणाऱ्याला त्यात खोट काढता आली नसती.

चिताडे सरांनी दोघींना बोलावलं. भला माणूस, पण समित्यांनी पिचलेला. “दोनशे एकोणनव्वद चांगला आकडा आहे, सोमारी. पण का मेला, हे लिहिता आलं पाहिजे. नाहीतर समिती म्हणेल, एकदा नशिबानं जमलं. कारण सापडलं तर तुझं नाव पाठवतो. नाही सापडलं, तर दोघींचेही सेल मेलेच आहेत. मग मी पुनमचं पाठवीन. तिला पुढच्या वर्षी संधी नाही. सोमवारपर्यंत रजिस्टर पूर्ण करा.”

लॅबचा रिवाज होता: प्रत्येक सेलचं रजिस्टर लावल्या दिवसापासून मरेपर्यंत भरायचं. जन्म, भुकटी, दाब, फेऱ्या, आणि शेवटी मृत्यूचं कारण, खाली सही. सोमारीनं उरलेले रकाने भरले. शेवटचा कोरा ठेवला.

पुनमला जे हवं होतं ते आता तोंड उघडलं नाही की मिळत होतं.

रविवार

सोमारीनं सेल उघडला नाही. तसाच आवळलेला, फडक्यात गुंडाळून भद्रावतीला आणला. “काका, एकदा तुम्हीच पाहा.”

दादाजींनी तो शिकंज्यात धरला, भिंग डोळ्याला लावलं. रुखमाबाई चहा घेऊन आल्या. पुनम तुळशीच्या ओट्याला टेकून उभी होती. घरी न येणं तिला जमलं असतं. पण तिच्याशिवाय ते तिघं एकत्र बसलेले तिला सहन झाले नसते.

“रेघ त जुळते,” दादाजी म्हणाले.

“तेच त.”

त्यांनी भिंग दुसऱ्या नटावर नेलं. मग नखानं नटाच्या वर डोकावणारे बोल्टचे आटे, म्हणजे पेचाचे वेढे, मोजायला लागले. “हा पाह्य. चार. इकडं चार.” नख मधल्या बोल्टवर गेलं. “इथी तीन.”

“मंजे?”

“मंजे हा नट एक चक्कर ढिल्ला आहे. पुरी एक.”

“आपोआप सुटला असन का?”

“आपोआप सुटला असता त रेघ कुठीबी थांबली असती. बरोब्बर घरी येऊन थांबत नाई.” भिंग खाली आलं. “कोनीतरी सोडला. आणि रेघ जुळवून सोडला.”

“पण लॅबमध्ये रेघेचं कोनालेच मालूम नाई, काका. मी त सरालेबी सांगतलं नाई. फक्त तुमच्या घरच्या...”

सोमारी वाक्याच्या मध्येच थांबली. कशी थांबली, तर चालता चालता पायाखाली काही मऊ आलं की माणूस थांबतो तशी.

“चहा थंडा होऊन राह्यला,” रुखमाबाई म्हणाल्या. कपांना कुणीच हात लावला नाही.

दादाजींनी पुनमकडं पाहिलं नाही. त्यांनी पाना फडक्यानं पुसला, दोन्ही बाजूंनी, मग पुन्हा पुसला, आणि डब्यात त्याच्या जागी ठेवला. “माहीच चूक,” ते सोमारीला म्हणाले. “रेघ ओढाले शिकवलं. आटे मोजाले शिकवाचं राहून गेलं.”

हे ते कुणासाठी म्हणाले? पुनमला वाटलं, आपल्यासाठी. मग वाटलं, सोमारीनं वाईट वाटून घेऊ नये म्हणून. बाप चोरी पाठीशी घालतोय, आणि तीही कुणासाठी घालतोय याचा हेवा तिला तिथंच, तुळशीपाशी, सुटत नव्हता.

परतीच्या बसमध्ये सोमारी तिच्या शेजारी बसली नाही. पुढच्या बाकावर बसली, सेलचं गाठोडं मांडीवर. ताडाळी येईपर्यंत तिची वेणी तेवढी दिसत होती. मग ती वळली.

“तुले रेघ मालूम होती ना, ताई?”

“हो.”

“काऊन?”

पुनमजवळ बरीच उत्तरं होती. वय, कोरिया, पाच वर्षं. ती म्हणाली, “ते तुले बेटा म्हंतेत.”

सोमारीनं तिच्याकडं असं बघितलं की जणू चुकीच्या गावाची पाटी वाचतेय. “मले विचारलं असतं त मी सांगतलं असतं. आवळाचं, ठेवाचं, पुन्हा आवळाचं. लपवून थोडीच राह्यली होती मी. तूच कधी विचारलं नाई.” तिचा आवाज चढला, दोन प्रवासी वळले. ती स्वतःशी माडियात काहीतरी बोलली, पुनमला न समजणारं आणि न समजलेलंच बरं असं. “आता माह्याशी बोलू नको. आणि ते रजिस्टर मी भरणार नाई. ते तुयं तू पाह्य.”

सोमवार

रजिस्टर टेबलावर उघडं होतं. सोमारीचं गोल अक्षर, एकही खाडाखोड नाही. पुनमला तेवढ्यातही वाटून गेलं, हिचं अक्षरसुद्धा.

कोऱ्या रकान्यात तडा लिहिता आला असता. काटा लिहिता आला असता. दोन्ही खरंच होतं. चकती उघडली असती तर दोन्ही सापडलेही असते. पण ते कशानं मेला याचं उत्तर झालं असतं, का मेला याचं नाही. आणि पलीकडं भद्रावतीत एका माणसानं आटे मोजले होते. तो कुणाला काही सांगणार नव्हता, कधीच. तिला तेच पेलेना. तो आयुष्यभर रविवारी तिच्या ताटात भाकरी वाढणार आणि एकदाही विचारणार नाही. न विचारायची सवय तर तिनंच त्याला लावली होती.

तिनं लिहिलं: ‘नट क्र. २ एक चक्कर सोडला, फेरी २८२. सेल तोवर निरोगी. पुनम दा. पिदुरकर.’

चिताडे सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, म्हणजे अक्षर बदलेल. “याचा अर्थ कळतो ना तुला?”

“हो सर.”

“नाव सोमारीचं जाईल.”

“हो सर.”

“आणि तुझ्याबद्दल मला वर लिहावं लागेल.”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं. तिला सहा महिने कपाटाची किल्ली मिळणार नाही असं ठरलं. लच्छूभाऊंनी कपाट उघडायचं आणि उभं राहायचं. ते उभे राहतात आणि पोह्यांबद्दल बोलतात.

सोमारी सप्टेंबरात गेली. जाण्याआधी ती भद्रावतीला जाऊन आली, लॅबमध्ये आली नाही. रुखमाबाईंनी मोहाचा डबा तिच्या पिशवीत घातला, कोरियात तो कसा नेऊ देतील याचा विचार न करता. दादाजींनी एक छोटा पाना दिला. पुनमला हे आईकडून कळलं आणि तिनं विचारलं, “कोनता पाना?” आई म्हणाली, “मले का माहीत, पाना तो पाना.” पुनम अंगणात गेली, डबा उघडला आणि कुठली जागा रिकामी आहे ते पाहिलं. मग तिथंच, ठोकळ्यापाशी, ती बराच वेळ बसली. दादाजी आले. तिनं डब्यातला एक नट उचलला आणि म्हणाली, “बाबा, आटे कसे मोजाचे?”

ते शेजारी बसले. सांगितलं. बेटा म्हणाले नाहीत.

सध्या चॅनल सातवर पुनमचा सेल आहे. आवळलेला, ठेवलेला, पुन्हा आवळलेला. लाल रेघ, आणि कागदावर आट्यांची संख्या. चाळिसाव्या फेरीवर आहे आणि त्याची रेघ तसूभर हललेली नाही. ती रोज सकाळी बघते. दुसरीची पद्धत आपल्या हातात इतकी सरळ चालावी, हे काही तिला अजून बघवत नाही.

फेरी १

सोमारीच्या मेलेल्या सेलमधली ‘घाणा २’ची भुकटी पुनमनंच बनवलेली होती, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या घाण्यातली. भुकटीच्या रकान्यात सोमारीनं तसं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं आहे.